उन्हाळी संशोधनाची सांगता आणि गावची विहीर

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढील भाषण)



भूविज्ञानाचा विद्यार्थी मे महिन्यात नीरेच्या खोऱ्यात पाऊल टाकतो, तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. जुलैमध्ये तो परत निघतो, तेव्हा त्यांना नुकते पाणी येऊ लागलेले असते. उन्हाळी संशोधनाचा काळ असा ऐन संधिकालात सापडतो. बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्तीतून दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करता येते. ही शिष्यवृत्ती शिक्षकांनाही खुली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अखेरीस अहवाल सादर झाला की कार्यक्रमाची सांगता होते. निदान कागदोपत्री तरी होते.

शिरवळचा परिसर अशा अभ्यासाला फार सोयीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार बनले. खंबाटकी घाटात हे थर डोळ्यांनी मोजता येतात, आणि शिरवळजवळची प्राचीन बौद्ध लेणी याच कातळात कोरलेली आहेत. १९८०च्या दशकात भूवैज्ञानिकांनी या थरांचा रासायनिक घटकांवरून अनुक्रम लावला व त्यांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्याच गावांची नावे दिली. त्यातील ‘खंडाळा’ मात्र लोणावळ्याजवळचे. शिरवळकरांनी त्यावर हक्क सांगू नये! कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी विनाशकारी भूकंप झाला. त्याच भागात २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसाल्ट लागला व त्याखाली ग्रॅनाइटसदृश पुरातन खडक आढळला.

पण पंचायतीच्या दृष्टीने या खडकाचा प्रश्न पाण्याचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खंडाळा तालुका मात्र पर्जन्यछायेत आहे. अखंड काळा कातळ पाणी धरीत नाही. पाणी राहते ते मुरमात, भेगांत व थराच्या माथ्यावरील सच्छिद्र, झिजलेल्या खडकात. म्हणूनच एका बांधावरच्या विहिरीला पाणी, तर शेजारची कोरडी, असा प्रकार घडतो. त्याचा दोष नशिबाकडे जात असला, तरी कारण थराच्या रचनेत असते.

ही रचना समजण्यासाठी विद्यार्थी विहिरीची पातळी मोजतो. कठड्यावर रंगाची एक कायमची खूण करावयाची, सकाळी मोटर सुरू होण्यापूर्वी त्या खुणेपासून वजन लावलेला फीत-टेप सोडावयाचा, पाण्यापर्यंतच्या अंतरातून कठड्याची उंची वजा करावयाची आणि तारीख-वेळेसह आकडा लिहावयाचा. उपसा चालू असताना घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. तो विहिरीची स्थिर पातळी न दाखवता मोटरीची ताकद दाखवतो.

आता खरी अडचण. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. यातील ऑक्टोबरची नोंद निर्णायक ठरते, कारण पावसाळ्यात जमिनीत किती पाणी मुरले ते मे आणि ऑक्टोबरच्या आकड्यांतील फरकावरून समजते. उन्हाळी विद्यार्थ्याजवळ मे असतो, ऑक्टोबर नसतो. तोवर तो महाविद्यालयात परतलेला असतो, अहवाल ग्रंथालयात गेलेला असतो, आणि विहिरीच्या मालकाला आपल्या विहिरीचा आकडा कोणीच कळविलेला नसतो. दोन महिन्यांचे कष्ट अर्ध्या वाक्यावर थांबतात.

यास मोठा खर्च लागत नाही. विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी अहवालाचा मराठी गोषवारा, विहिरींची यादी व खुणांचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्यावा आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे अटल भूजल योजनेत निवडले गेले आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद हा त्या योजनेचा गाभा होता. त्या ताळेबंदाला असे आकडे थेट उपयोगी पडतात. माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकाने टेप आपल्याकडे ठेवून घ्यावा. नववीच्या मुलांना वजाबाकी येते; कठड्यापासून सुरक्षित अंतर राखणे मात्र शिक्षकाने पाहावे. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुटीपूर्वी, त्याच विहिरी, त्याच खुणा आणि तीच सकाळची वेळ धरून दुसरी नोंद घ्यावी, आणि तिची एक प्रत त्या विद्यार्थ्याच्या पत्त्यावर पाठवावी.