ग्रॅनाडाचा ज्यू सेनानी



अंदलुसचं, म्हणजे मुस्लिम स्पेनचं नाव निघालं की आपली छाती फुगते. कुर्तुब्याची मशीद, तिथली ग्रंथालयं, इब्न रुश्द. मीही तरुणपणी या विषयावर भाषणं ठोकली आहेत. पण त्याच अंदलुसमधल्या एका माणसाची गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि तेव्हापासून ती भाषणं मला पूर्वीसारखी करता येत नाहीत. आज तीच सांगतो.

त्याचं नाव शमुएल. अरबी ग्रंथांत तो इब्न नग्रीला म्हणून येतो. धर्मानं ज्यू, जन्म ९९३ चा. कुर्तुब्यात तो हिब्रू आणि तालमूद शिकला, अरबीही उत्तम शिकला. कुरआनचाही त्याचा अभ्यास होता. १०१३ मध्ये यादवी युद्धात बर्बर फौजांनी कुर्तुबा लुटलं आणि शमुएलला शहर सोडावं लागलं. त्याच वर्षी आणखी एक तरुण तिथून बाहेर पडला. तो म्हणजे पुढे मोठा आलिम झालेला इब्न हज्म. एक ज्यू, एक मुसलमान; दोघंही एकाच आगीतून निघालेले. पुढे इब्न हज्मनं इब्न नग्रीलाच्या नावे खंडनाचा कडक ग्रंथ लिहिला, हेही लक्षात ठेवा.

शमुएल मालागाला गेला. बाराव्या शतकातला इतिहासकार इब्न दाऊद सांगतो की, तिथं त्यानं मसाल्याचं दुकान टाकलं. शेजारच्या हवेलीतली दासी त्याच्याकडून पत्रं लिहून घ्यायची. त्या पत्रांची अरबी वाचून दरबारातले लोक चकित झाले आणि दुकानदाराला बोलावणं आलं. गोष्टीत थोडी सजावट असेल. पण तो ग्रॅनाडाच्या झीरी सुलतानांच्या चाकरीत शिरला आणि वजीर झाला, हा इतिहास आहे.

१०३८ मध्ये सुलतान हब्बूस वारला. वारसाच्या भांडणात शमुएल बादिसच्या बाजूनं उभा राहिला आणि बादिसच गादीवर आला. त्याच वर्षी अल्मेरियाची फौज चालून आली. तिथला वजीर इब्न अब्बास याला ग्रॅनाडाचा ज्यू वजीर खुपत होता. लढाईत अल्मेरियाचा राजा मारला गेला. पुढच्या वर्षी सेव्हिलच्या फौजेचाही पराभव झाला. मुसलमान राज्याच्या फौजेसोबत हा ज्यू वर्षानुवर्षं मोहिमांवर जात राहिला आणि छावणीत बसून हिब्रूत कविता लिहीत राहिला. त्याचा मुलगा योसेफ लहानपणापासून त्या कविता उतरवून ठेवायचा.

१०५६ मध्ये शमुएल वारला आणि योसेफ वजीर झाला. त्याच्यावर गर्वाचे, कारस्थानाचे आरोप झाले. अबू इसहाक नावाच्या फकीहानं ज्यूंविरुद्ध भडकावणारी कविता लिहिली. ३० डिसेंबर १०६६ रोजी जमाव महालात घुसला. योसेफला मारलं, आणि शहरातल्या ज्यूंची कत्तल झाली.

मित्रांनो, मी इथं थांबतो. समजा, योसेफवरचे सगळे आरोप खरे होते. मग चौकशी एका वजिराची व्हायला हवी होती. शिक्षा मिळाली अख्ख्या वस्तीला. हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे ना? एकाचा गुन्हा आणि सगळ्या जमातीची झडती. आपल्यावर अशी वेळ येते तेव्हा आपण त्याला अन्याय म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. मग ग्रॅनाडातल्या त्या दिवसालाही अन्यायच म्हणायला जीभ अडखळता कामा नये. शमुएलचा अभिमान बाळगायचा आणि योसेफच्या वस्तीचं पान उलटून पुढे जायचं, हे जमणार नाही.

दुसरी गोष्ट. बादिस १०६६ मध्ये हयात होता, गादीवर होता. तरी वस्ती वाचली नाही. शमुएलचं सारं कर्तृत्व सुलतानाच्या मर्जीवर उभं होतं. मर्जी बापाकडून मुलाकडे गेली, पण सुरक्षितता गेली नाही. आपल्या हातात मर्जी नाही, संविधान आहे. एखादा मोठ्या पदावर पोहोचला म्हणून बाकीच्यांनी निर्धास्त झोपायचं नसतं. गल्लीतल्या शेवटच्या माणसाचा हक्क शाबूत आहे का, हे पाहायचं असतं. तो माणूस आपल्या धर्माचा असो वा नसो.

एवढंच सांगायचं होतं.