कामगाराचा बूट आणि पायाचें माप

आषाढांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटण मुक्कामीं येते, तोंपर्यंत वारकऱ्यांच्या पायांखालून आळंदीपासूनची बरीच वाट गेलेली असते. दिंडींतील जुन्या मंडळींच्या पायांकडे पाहिलें, तर नवी कोरी वहाण क्वचितच दिसेल. असते ती मळलेली, रुळलेली, पायाशीं ओळख झालेली. चावणाऱ्या जोड्यापेक्षां अनवाणी पाय बरा, हें त्यांना कोणी शिकवावें लागत नाहीं. आणि जोडा फारच चावूं लागला, तर तो काढून हातांत घेण्याची मोकळीकही त्यांना असते.

त्याच फलटणच्या आसमंतांत कारखान्यांत राबणाऱ्या मनुष्याला मात्र ही मोकळीक नाहीं. साखरवाडीचें तर नांवच साखरेवरून पडलेलें; पुढें खुद्द फलटणास सहकारी साखर-कारखाना निघाला, आणि एकविसाव्या शतकांत सुरवडीजवळ इंजिनें बनविण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. गळिताच्या हंगामांत ओली फरशी, उकळता रस आणि जड लोखंडी सामान यांच्यामध्यें आठ तासांची पाळी उभ्यानें काढावयाची, किंवा इंजिनाचे अवजड भाग जागच्या जागीं बसवावयाचे, तर पायांत रक्षक बूट हवाच. तो चावला म्हणून काढून ठेवतां येत नाहीं. म्हणूनच तो चावतां कामा नये. आणि बूट खरेदी करतांना नेमकी हीच गोष्ट सर्वांच्या मागें पडते.

या बुटाचें मर्म त्याच्या पुढच्या टोकांत आहे. तेथें चामड्याच्या आंत पोलादाची किंवा तितक्याच कठीण द्रव्याची एक वाटी बसविलेली असते. सुरक्षा-बुटांच्या भारतीय मानकाप्रमाणें या वाटीनें २०० जूल शक्तीचा आघात सोसला पाहिजे. सोप्या भाषेंत सांगावयाचें, तर सुमारें २० किलो वजनाचा लोखंडी ठोकळा हातभर नव्हे, चांगला मीटरभर उंचीवरून बोटांवर पडला, तरी बोटें चिरडतां कामा नयेत. वाटी इतकी कठीण, म्हणूनच ती बोटांना जागा करून देत नाहीं. साधा जोडा दाखवितांना दुकानदार म्हणतो, “चार दिवस वापरा, आपोआप सैल होईल.” चामड्याच्या बाबतींत त्यांत पुष्कळ तथ्य आहे. पोलादाच्या बाबतींत तें साफ खोटें आहे. पहिल्या दिवशीं करंगळीला लागणारी वाटी शेवटच्या दिवशींही तितकीच लागणार.

मग काय होतें? फोड येतात, कुरुपें होतात, अंगठ्याचें नख काळें पडतें; आणि कामगार आपला उपाय आपणच शोधतो. कोणी नाड्या सोडून ठेवतो, कोणी टाचेचा भाग दाबून बुटाची चप्पल करतो, आणि मुकादमाची पाठ फिरली कीं कोणी बूट कोपऱ्यांत सारून खरीच चप्पल चढवितो. अशा वेळीं अपघात झाला, तर नोंदवहींत बूट मिळाल्याची सही सांपडते, पण पायांत बूट नसतो. या कामगारालाच बेशिस्त म्हणून मोकळें होणें सोपें आहे. त्याच्या पायांत आठ तास उभें राहून पाहणें तितकें सोपें नाहीं.

दोष बहुधा आंकड्यावर ठेवलेल्या विश्वासाचा असतो. “मला आठ नंबर लागतो,” असें मनुष्य जन्मभर सांगत राहतो. परंतु इंग्रजी मापांत एका नंबराचें अंतर इंचाचा तिसरा हिस्सा, तर युरोपीय मापांत तें दोनतृतीयांश सेंटिमीटर. शिवाय हे आंकडे पायाची लांबी तेवढी सांगतात, रुंदीबद्दल अवाक्षर काढीत नाहींत. आपल्याकडील पुष्कळ पाय उघड्या वहाणांत वाढलेले, चवड्याशीं पसरलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळांत देशांतील ७९ ठिकाणीं १,०१,८८० लोकांच्या पायांचीं मापें घेतलीं, तेव्हां भारतीय पाय पाश्चात्त्य पायांहून अधिक रुंद असल्याचें आढळून आलें. जोडा मात्र पुष्कळदां परक्या सांच्यावर घडविलेला असतो. रुंदी पुरेना म्हणून मनुष्य एक नंबर वरचा घेतो, आणि येथेंच दुसरी चूक होते. लांब झालेला बूट चवड्याच्या सांध्याशीं न वांकतां भलत्याच ठिकाणीं वांकतो, टाच आंत घसरते, आणि शिडी चढतांना पुढचें टोक पायरीला अडतें. पाय रुंद असेल, तर रुंद घडणीचा बूट मागावा. लांबी वाढविणें हें त्याचें औषध नव्हे.

माप घ्यावयाचें तें संध्याकाळीं, कारण दिवसभराच्या कामानें पाय किंचित् सुजलेले असतात. कागदावर उभें राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, पेन्सिल उभी धरून रेघ काढावी. बसून काढलेल्या मापावर भरंवसा ठेवूं नये; भार पडला कीं पाऊल लांब व रुंद होतें. दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात, तेव्हां मोठ्या पायाप्रमाणें बूट घ्यावा. दुकानांत जातांना कामावर घालावयाचे जाड मोजे बरोबर न्यावे. बुटांतील सुटी गादी बाहेर काढतां येत असेल, तर तिच्यावर उभें राहून पाहावें: करंगळीची कड गादीबाहेर जात असेल, तर त्या बुटाचा विचार सोडून द्यावा. मग नाड्या न बांधतां पाय पुढें सरकवावा. टाचेमागें एक बोट जेमतेम शिरलें पाहिजे. नाड्या घट्ट बांधून पायऱ्या उतरून पाहाव्या. बोटें वाटीवर आपटतां कामा नयेत. शेवटीं एक गुडघा टेंकून बसावें. वाटीची मागची कड बोटांच्या सांध्यांत रुततें कीं काय, हें उभ्यानें कधींच कळत नाहीं, आणि यंत्राखालीं वांकणाऱ्या माणसाला दिवसांतून शंभर वेळां तसेंच बसावें लागतें. दुकानदार घाई करील, करूं द्यावी.

स्त्रियांच्या बाबतींत निष्काळजीपणा अधिकच होतो. कारखान्यांतून स्त्रिया यंत्रांवर काम करूं लागल्या, तरी त्यांच्या हातीं पुष्कळदां पुरुषी बुटाचा सर्वांत लहान नंबर दिला जातो. स्त्रीची टाच सामान्यतः चवड्याच्या मानानें अरुंद असते. त्यामुळें चवडा बसतो आणि टाच खुळखुळते. दुसरी काळजी मधुमेह्यांची. दीर्घकाळच्या मधुमेहानें पायाची संवेदना मंदावते, आणि मग बूट चावतो हेंच त्यांना कळत नाहीं. त्यांनीं रोज रात्रीं तळवा व बोटांच्या फटी डोळ्यांनीं तपासाव्या, किंवा घरच्यांकडून तपासून घ्याव्या.

एकदां जोराचा मार बसलेली वाटी बाहेरून धड दिसली, तरी तो बूट पुन्हां वापरूं नये. ओला बूट विस्तवाजवळ वाळवूं नये. आंत कागद कोंबून सावलींत ठेवावा.

बूट वांटणाऱ्या भांडारप्रमुखानें नांवापुढें नुसता नंबर लिहिण्याऐवजीं दोन्ही पायांची लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरांत लिहावी, आणि दर वर्षीं नवा जोड देण्यापूर्वीं ती पुन्हां मोजावी; वयाबरोबर पाऊल पसरतें. एका माणसामागें या कामाला पांच मिनिटें लागतात, आणि लागते एक पट्टी व एक कागद.