दोन अक्षरांचा कस

आज एकाच शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द दोन अक्षरांचा: कस.

जुना दागिना मोडायला नेला, की मुरलेला सराफ एक काळा गुळगुळीत दगड पुढे ओढतो. ही कसोटी. दागिन्याची कड तिच्यावर घासली, की पिवळी रेघ उमटते. शेजारी खात्रीच्या सोन्याची दुसरी रेघ. दोन्हींवर तेजाबाचं बोट फिरतं. हिणकस सोन्याची रेघ बघता बघता फिकी पडते, चांगल्याची टिकून राहते. ती रेघ म्हणजे कस, आणि तिच्यातून कळणारी शुद्धताही कसच. संस्कृतात ‘कष्’ म्हणजे घासणे. कसोटी तिथलीच, आणि सरकारी कागदांवरचा ‘निकष’ही तिथलाच.

आता दुकानातून रानात चला. ‘रानाला कस राहिला नाही, शेणखत घाला,’ असं घरातलं म्हातारं माणूस सांगतं. इथं कस म्हणजे मातीतला जीव. तो असला तर अन्न सकस, गेला तर जमीन निकस. जमीन ‘कसणं’ मात्र नांगरण्याच्या ‘कृष्’ धातूचं. मुळं वेगळी, तरी मराठी कानाला हे सगळं एकाच घरातलं वाटतं. तालमीतला मल्लही कसलेलाच असतो.

मला हा शब्द विट्याचा वाटतो. विट्याचा खानापूर तालुका पूर्वीपासून दुष्काळी, पाऊस बेभरवशाचा. रानात पोट भरेना, तेव्हा इथली पोरं सोन्याचा कस बघायला परमुलखात गेली. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करायचं, सराफाच्या दुकानातल्या झाडलोटीच्या मातीतून सोन्याचे कण काढायचे, हा गलाईचा धंदा. तो करत विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पोचली. मातीनं घर सोडायला लावलं, आणि परगावीही हातात मातीच आली. त्या मातीतून त्यांनी सोनं काढलं, आणि गावाकडची घरं उभी केली. आज टेंभू योजनेनं कराडजवळून उचललेलं कृष्णेचं पाणी या माळावर आलं आहे. रानं पुन्हा कसली जाताहेत.

सराफीत मात्र आता यंत्र टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सांगतं, कागद छापून हातात येतो. दगडावर घासायची वेळ क्वचितच येते. म्हणून गलाई कुटुंबांतल्या तरुण श्रोत्यांना माझी विनंती आहे. सुट्टीला गावी याल तेव्हा आजोबांजवळ बसा, भट्टीवरचे त्यांचे शब्द विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. पहिल्या पानावर ‘कस’ लिहा.