वाफ पाण्यापेक्षा जास्त का भाजते?



आज माझ्या मनगटावरच्या डागाची गोष्ट सांगते. मागच्या गणपतीत मोदक झाले का बघायला मी मोदकपात्राचं झाकण उघडलं, तेही माझ्याच बाजूनं. वाफेचा भपकारा हातावर आला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नुसती वाफच ना! उकळतं पाणी थोडंच सांडलंय?" मलाही तसंच वाटलं. मी हातावर हळद लावली आणि कामाला लागले. तासाभरात टचटचीत फोड आले.

बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच पाण्याची तीन रूपं. रूप बदलायला उष्णता लागते. बर्फासारखं गार पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाच पटींहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. ही सगळी उष्णता वाफेच्या पोटात दडलेली असते. वाफ आपल्या कातडीवर आली की तिचं परत पाणी होतं आणि पोटातली उष्णता ती तिथेच सोडते. मग ते उकळतं पाणीही भाजतं ते वेगळंच. म्हणजे मार दुहेरी!

अजून एक गंमत. कुकरची शिट्टी होते तेव्हा नीट बघा, पण लांबूनच. अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, पांढरा ढग जरा वर दिसतो. तो ढग म्हणजे निवलेल्या वाफेचे बारीक थेंब. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून 'दिसत नाही म्हणजे नाही' असं समजू नका.

कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांवर उकळतं. म्हणून डाळ लवकर शिजते आणि म्हणूनच दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. उघड्या पातेल्यात मात्र एकदा उकळी आली की आच कितीही मोठी करा, पाणी 100 अंशांच्या फारसं पुढे जात नाही, नुसती वाफ जास्त होते. तेव्हा उकळी आली की गॅस बारीक करा. भाजी तेवढ्याच वेळात शिजेल आणि गॅस वाचेल.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा. झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे झाकणाची ढाल होईल. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नका. पाण्याची क्षणात सुमारे सतराशे पट वाफ होते आणि जळतं तेल चहूकडे उडतं. गॅस बंद करा आणि वरून स्टीलचं झाकण सरकवून ठेवा.

आणि भाजलंच, तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, कारण नंतर हात सुजतो. भाजलेली जागा वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. मोठे फोड आले, तोंड किंवा हात भाजला किंवा लहान मूल भाजलं, तर स्वच्छ कापड झाकून तडक दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108 आहेच.

मी त्या दिवशी वीस मिनिटं नळाखाली उभी राहिले असते, तर हा डाग कदाचित एवढा राहिला नसता. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर सांगा. सुनांना सांगा, आणि सासूबाईंनाही!