फेस, लोखंड आणि 'कल्याण' नावाचं एन्झाइम

विरार लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तर आधी नीट धरून उभे राहा, मग पुढे ऐका.

मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर टाकलं की पांढरा फेस येतो. चिरलेल्या बटाट्यावर टाकलं तरी येतो. हा फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे, आणि तो काढणारं एन्झाइम म्हणजे कॅटलेज. हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्या पेशींमध्ये सतत थोडं थोडं तयार होत असतं. साठलं तर ते पेशीलाच जाळतं, म्हणून त्याचं लगेच पाणी आणि ऑक्सिजन करावं लागतं.

आता याची रचना बघूया. कॅटलेज म्हणजे चार सारख्या साखळ्यांची जुडी. माणसाच्या कॅटलेजमध्ये प्रत्येक साखळीत ५२७ अमिनो आम्लं असतात, आणि एका साखळीचं टोक शेजारच्या साखळीत ओवलेलं असतं. त्यामुळे ही जुडी सहजासहजी सुटत नाही. प्रत्येक साखळीच्या पोटात एक हीम असतं, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच लोखंडाचा अणू धरून बसलेला चपटा रेणू. तिथपर्यंत जायला एक लांब, अरुंद बोगदा. त्यातून पेरॉक्साइडसारखे लहान रेणूच आत जातात.

काम दोन टप्प्यांत चालतं. पेरॉक्साइडचा पहिला रेणू आपला एक ऑक्सिजन लोखंडाला देतो आणि पाणी होऊन निघून जातो. दुसरा रेणू येऊन लोखंडाला मोकळं करतो, त्यातून पाणी आणि ऑक्सिजन वायू मिळतो. एक कॅटलेज सेकंदाला असे लाखो रेणू मोडतं. आमचे सर्व्हर एवढ्या लोडला कधीच झोपले असते!

पण यात एक गोम आहे. लोखंड मधल्याच एका अवस्थेत अडकू शकतं, आणि मग कॅटलेज ठप्प होतं. १९८४ मध्ये कर्कमन आणि गाएतानी यांनी दाखवलं की चारही साखळ्या एनएडीपीएच नावाचा एकेक रेणू घट्ट धरून असतात. हा रेणू म्हणजे बॅकअप बॅटरी. अडकलेलं लोखंड तो सोडवतो. पेरॉक्साइड मोडणारी दुसरी यंत्रणा, ग्लुटाथायोनवाली, तीसुद्धा याच एनएडीपीएचवर चालते.

लाल रक्तपेशीत ही बॅटरी चार्ज करायचा मार्ग एकच, आणि त्याचं पहिलं एन्झाइम म्हणजे जी-सिक्स-पीडी. आता गोष्ट आपल्या बाजूला येते. त्याच १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेल्या दुबळ्या जी-सिक्स-पीडीचं वर्णन छापून आलं. त्याचं नाव ठेवलं 'जी-सिक्स-पीडी कल्याण'. हो, वसईहून दिवा गाडी पकडून पुढे जातो तेच कल्याण. १९९२ मध्ये कळलं की 'कल्याण' आणि 'केरळ' ही दोन वेगळी समजली गेलेली रूपं मुळात एकच आहेत. डीएनएचं एक अक्षर बदललेलं, आणि ३१७ व्या जागी ऋण भाराच्या ग्लुटामिक आम्लाऐवजी धन भाराचं लायसिन. एका कॅरेक्टरचा बग! पण म्हणून हा कोणा एका समाजाचा आजार समजू नका. मुंबईच्या पारशी लोकांमध्ये आणि इतर अनेक समाजांमध्येही ही कमतरता आढळते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्रास मुलग्यांना जास्त होतो.

एरवी अशा माणसाला काहीच जाणवत नाही. पण व्हायवॅक्स मलेरिया झाला की प्रायमाक्विन देतात, आणि आपल्या पट्ट्यात मलेरिया काही नवा नाही. या गोळीने लाल पेशींवरचा भार वाढतो, बॅटरी पुरत नाही आणि पेशी फुटू लागतात. लघवी कोलासारखी गडद होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. डांबर गोळी लहान मुलाने तोंडात घातली तरी असंच होऊ शकतं.

म्हणून काय करायचं? प्रायमाक्विन लिहून दिली तर डॉक्टरांना विचारा, 'आधी जी-सिक्स-पीडी तपासायचं का?' साधी रक्ततपासणी आहे. घरात आधी कोणाला गोळीने कावीळ झाली असेल तर तेही सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कारण मलेरिया यकृतात दडून परत येतो. पण लघवी गडद झाली तर पुढच्या डोसची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. आणि पेशी नुकत्याच फुटलेल्या असताना रिपोर्ट चुकून नॉर्मल येऊ शकतो, कारण दुबळ्या जुन्या पेशी आधीच गेलेल्या असतात. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

एपिसोड घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः मलेरियाच्या दिवसांत. भेटूया पुढच्या वेळी!