अभ्यासक्रम बदलतो तेव्हां



पुण्यांत, पार्ल्यांत, डोंबिवलींत, नागपुरांत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं जेथें आलेला पाहुणाहि हळू आवाजांत बोलतो. कारण आंतल्या खोलींत घरचा मुलगा किंवा मुलगी सनदी लेखापालाच्या परीक्षेचा अभ्यास करीत असते. भिंतीवर तासांचें कोष्टक चिकटविलेलें असतें. मुंजी आणि लग्नें परीक्षेच्या तारखा पाहून ठरतात. अशा घरांत एके दिवशीं वार्ता येते कीं अभ्यासक्रम बदलला, आणि भिंतीवरचें तें कोष्टक एका संध्याकाळींत निरुपयोगी होऊन बसतें. मग कोणी म्हणतें, आतां सारेंच नव्यानें वाचावें लागणार. कोणी धीर देतें, अहो, नुसतीं नांवें बदललीं आहेत, आंत सगळें तेंच आहे. वास्तविक हीं दोन्ही मतें आळसाचीं आहेत. जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारीं शेजारीं ठेवून ओळीनें वाचण्याची तसदी दोहोंतहि घेतलेली नसते.

सनदी लेखापालांची अखिल भारतीय संस्था, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, १ जुलै १९४९ रोजीं कायद्यानें स्थापन झाली. तेव्हांपासून तिनें आपला अभ्यासक्रम अनेक वेळां बदलला आहे, व तसें करण्यावांचून तिला गत्यंतरहि नव्हतें. उद्यां कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसानें कालचा कायदा शिकून कसें चालेल? २०२३ चा बदल मात्र विशेष मोठा होता. शिक्षण व उमेदवारीची नवी योजना १ जुलै २०२३ पासून अमलांत आली. इंटरमिजिएट आणि फायनल या दोन परीक्षांची जुन्या पद्धतीची अखेरची फेरी नोव्हेंबर २०२३ मध्यें झाली, व मे २०२४ पासून नवी पद्धत सुरू झाली. दोन्ही परीक्षांत पूर्वीं आठ प्रश्नपत्रिका होत्या, त्यांच्या सहा झाल्या. उमेदवारी, जिला सर्वजण आर्टिकलशिप म्हणतात, ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली.

आठाचे सहा झाले हें ऐकून कित्येक घरांत समाधान वाटलें असेल. ओझें चौथ्या हिश्शानें कमी झालें असा हिशेब कोणीहि मनांत करील. पण तो हिशेब खरा नव्हे. इंटरमिजिएटचेंच पाहा. पूर्वीं हिशेबशास्त्राच्या दोन प्रश्नपत्रिका असत, एक साधी व एक वरच्या दर्जाची. नव्या योजनेंत दोहोंची मिळून शंभर गुणांची एकच प्रश्नपत्रिका झाली. येथें वाचावयाचें फारसें कमी झालें नाहीं; उत्तर लिहिण्याचा अवकाश तेवढा निम्मा झाला. ज्यानें पूर्वीच्या दोन विषयांना मिळून तीनशें तास नेमले होते, त्यानें आतां विषय एक झाला म्हणून दीडशें तास नेमले, तर तो फसला. उलट, संगणकीय माहितीव्यवस्थेचा भाग आणि अर्थशास्त्राचा भाग हे खरोखरच गेले. त्यांच्यासाठीं राखलेले तास मोकळे झाले. असे मोकळे झालेले तास कोठें घालावे, हाच कोष्टक बदलण्यांतील खरा प्रश्न आहे.

त्याला उपाय एकच, व तो कंटाळवाणा आहे. संस्थेनें प्रसिद्ध केलेले जुने व नवे दोन्ही अभ्यासक्रम छापून घ्यावे, आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपुढें खूण करावी. राहिलें, गेलें, नवें आलें किंवा जागा बदलली, यांपैकीं काय झालें तें त्या खुणेवरून कळावें. या कामाला फार तर दोन दिवस लागतात. हे दोन दिवस फुकट गेले असें मुलांस वाटतें, कारण त्यांत एकहि उदाहरण सुटत नाहीं व एकहि कलम पाठ होत नाहीं. पण खुणा झाल्यावर असें दिसून येतें कीं जें अगदीं नवें आलें आहे तें थोडकेंच आहे, आणि खरी अडचण जागा बदललेल्या भागाची आहे. तो भाग ओळखीचा वाटतो, म्हणूनच तिकडे दुर्लक्ष होतें. मोकळे झालेले तास आधीं त्याला द्यावे.

प्रश्न विचारण्याची तऱ्हाहि याबरोबर बदलली. पर्यायांतून उत्तर निवडण्याचे तीस टक्के गुणांचे प्रश्न पूर्वीं इंटरमिजिएटच्या कांहीं प्रश्नपत्रिकांपुरतेच असत; आतां ते हिशेबशास्त्र व परिव्यय यांसारख्या आंकडेमोडीच्या विषयांतहि आले. आंकडेमोड लिहून दाखविली म्हणजे शेवटीं बेरीज चुकली तरी वरच्या पायऱ्यांचे गुण मिळतात, या विश्वासावर आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या. पर्यायाच्या प्रश्नांत पायऱ्या कोणी पाहत नाहीं. तेव्हां ज्याचा हात लिहिण्याला बसला आहे, पण बेरीज-वजाबाकीला बसलेला नाहीं, त्यानें रोजचा अर्धा तास केवळ अचूकतेसाठीं काढून ठेवला पाहिजे. ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या यादींत कोठेंहि छापलेली नसते.

योजनेचा असा मोठा बदल कांहीं वर्षांनीं एकदां येतो. पण कराच्या विषयांत दर वर्षीं एक लहान बदल येतच असतो, आणि घात बहुधा तेथेंच होतो. मे महिन्याच्या परीक्षेला सामान्यतः मागील वर्षाचा वित्त अधिनियम लागू असतो. इतर दुरुस्त्या व अधिसूचना मागील ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या धरतात. अर्थसंकल्प येतो फेब्रुवारींत. म्हणजे परीक्षेच्या आधीं तीन महिने घरोघर, वर्तमानपत्रांत आणि आगगाडीच्या डब्यांत नव्या दरांची चर्चा चाललेली असते, आणि विद्यार्थ्यास मात्र जुनेच दर लिहावयाचे असतात.

एक उदाहरण घेऊं. एका निवासी गृहस्थाचें सर्व वजावटी जाऊन करपात्र उत्पन्न दहा लाख रुपये आहे, त्यांत खास दरानें कर बसणारें कांहीं नाहीं, आणि तो नव्या करपद्धतीनें कर भरतो. मे २०२५ च्या परीक्षेंत त्याचा कर काढावयाचा होता असें धरा. त्या परीक्षेस २०२४ चा दुसरा वित्त अधिनियम लागू होता. त्याप्रमाणें तीन लाखांपर्यंत कांहीं नाहीं, पुढील चार लाखांवर पांच टक्क्यांनीं वीस हजार, त्यापुढील तीन लाखांवर दहा टक्क्यांनीं तीस हजार; मिळून पन्नास हजार, व चार टक्के उपकर धरून ५२,००० रुपये. आतां ज्यानें थोरल्या भावाचें एक वर्षापूर्वींचें पुस्तक वापरलें, त्याच्या पुस्तकांत टप्पे निराळे होते. तीन ते सहा लाखांवर पांच, सहा ते नऊवर दहा, व नऊच्या पुढें पंधरा टक्के. त्याचें उत्तर ६२,४०० रुपये आलें. आणि ज्यानें १ फेब्रुवारी २०२५ चें अर्थमंत्र्यांचें भाषण मन लावून ऐकलें होतें, त्याला बारा लाखांपर्यंत कर लागत नाहीं हें पक्कें ठाऊक होतें. त्यानें शून्य लिहिलें.

तिन्ही उत्तरें खरीं आहेत. प्रत्येक आपापल्या वर्षीं खरें आहे. परीक्षकास हवें आहे तें मात्र मधलें. यांत मागें राहिलेला जितका चुकला, तितकाच पुढें धांवणाराहि चुकला. आणि घरांतील वडील माणसांच्या हें लक्षांत येत नाहीं, कारण वर्तमानपत्र वाचणारा मुलगा त्यांना स्वाभाविकच अधिक हुशार वाटतो. म्हणून कराच्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावें कीं आपली परीक्षा अमुक महिन्याची, तिला वित्त अधिनियम अमुक सालचा, आणि दुरुस्त्या अमुक तारखेपर्यंतच्या. परीक्षा पुढें ढकलली तर वहीचें पहिलें पान आधीं बदलावें, पुस्तक मागाहून उघडावें.

अप्पा बळवंत चौकांत जुनीं पुस्तकें अर्ध्या किंमतींत मिळतात, व मध्यम स्थितीच्या कुटुंबास हा मोठाच आधार आहे. परिव्यय आणि वित्तव्यवस्थापन यांचें एखादें जुनें पुस्तक, नवी यादी शेजारीं ठेवून, अवश्य वापरावें. सरासरी काढण्याची रीत संसद बदलीत नाहीं. कराचें जुनें पुस्तक मात्र फुकट मिळालें तरी महाग पडतें.

याहून मोठा पालट आयकराच्या मूळ कायद्यांतच झाला. १९६१ चा आयकर अधिनियम साठांहून अधिक वर्षें चालला. त्याच्या जागीं आणलेल्या २०२५ च्या अधिनियमास २१ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरली. त्यांत कलमें ५३६. गुंतवणुकीच्या वजावटीचें प्रसिद्ध ८०सी कलम नव्या कायद्यांत १२३ व्या कलमांत गेलें. ‘पूर्व वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ ही जोडी, जिनें प्रत्येक नवशिक्याला एकदां तरी रडविलें असेल, ती जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलें. ज्यांनीं कलमांचे क्रमांक पाठ करून परीक्षा जिंकण्याचें ठरविलें होतें त्यांचें भांडवल बुडालें. ज्यांनीं वजावट कोणास, कशासाठीं व किती मिळते हें समजून घेतलें होतें, त्यांना क्रमांकांची एक सारणी तेवढी नव्यानें करावी लागते. १ एप्रिल १९५७ रोजीं आणे-पै जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला, तेव्हांहि असेंच झालें होतें. सोळा आण्यांची कोष्टकें पाठ असलेले कारकून कांहीं दिवस गोंधळले. जमाखर्चाचीं तत्त्वें होतीं तशींच राहिलीं. शिवाय ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचीं प्रकरणें जुन्याच कायद्यानें चालावयाचीं असल्यामुळें, आर्टिकलशिप करणाऱ्यास कचेरींत एक कायदा व परीक्षेस दुसरा, अशी कसरत करणें प्राप्त आहे. त्यानें दोन वह्या ठेवाव्या. एका वहींत दोन रंगांची शाई पुरत नाहीं.

फायनलविषयीं थोडेंच सांगणें पुरे. तेथील सहावी प्रश्नपत्रिका अनेक विषय एकत्र करून बेतलेल्या प्रकरणांची असून तींत पुस्तकें जवळ बाळगण्याची मुभा आहे. मुभेचा अर्थ अभ्यास नको असा काढणाऱ्यास पुस्तकाचीं पानें उलटण्यांतच वेळ गेल्याचें घंटेनंतर कळतें. आर्थिक कायदे व उच्च परिव्यय हे विषय लेखी परीक्षेंतून निघून स्वतःच्या सवडीनें द्यावयाच्या संगणकावरील चांचण्यांत गेले. अशा चार चांचण्या फायनलला बसण्यापूर्वीं पुऱ्या कराव्या लागतात. सवडीनें म्हटलें कीं तें काम शेवटीं ढकलण्याकडे माणसाचा कल असतो. आर्टिकलशिपच्या दोन वर्षांतच त्यांचे महिने नेमून टाकावे. ती संपल्यावर मिळणारा सहा महिन्यांचा अवधि फायनलसाठीं अखंड राहिला पाहिजे.

राहतां राहिली फेऱ्यांची गोष्ट. पूर्वीं वर्षाला दोनदां होणारी इंटरमिजिएटची परीक्षा आतां जानेवारी, मे व सप्टेंबर अशी तीनदां होते. नापास झालेल्यास सहा महिन्यांऐवजीं चार महिन्यांनीं पुन्हां बसतां येतें, ही मोठी सोय झाली. पण एखाद्या विषयांत साठ गुण मिळाले असतां जी सूट मिळते, ती पुढील तीन फेऱ्यांपुरती असते. पूर्वीं तीन फेऱ्या म्हणजे दीड वर्ष. आतां तें एकच वर्ष झालें. सूट कायम ठेवण्याची मुभा नव्या योजनेंत आहे, परंतु मग त्या गटांतील उरलेल्या प्रत्येक विषयांत पन्नास गुण मिळवावे लागतात, चाळीस चालत नाहींत. तेव्हां सूट हातीं असलेल्यानें नवें कोष्टक भिंतीवर लावतांना आधीं कॅलेंडर काढून सूट संपण्याचा महिना त्यावर लिहावा, आणि उरलेल्या विषयांचे तास तेथून उलटे मोजीत यावे.