दिल्लीला जावे, प्रश्न घेऊन जावे



काशीमिऱ्याच्या नाक्यावरून अहोरात्र वाहणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 थेट दिल्लीला जाऊन भिडतो. बोरिवलीला उत्तरेकडे जाणारी गाडी पकडणारा प्रवासी मिरारोड आणि भाईंदर ओलांडून खाडीपुलावरून पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी राजधानीत उतरतो. सुमारे 1,400 किलोमीटरचे हे अंतर पूर्वी महिनोन्‌महिन्यांचे होते, आता ते एका रात्रीचे झाले आहे. रस्त्याने आणि रुळाने दिल्ली जवळ आली. पण सामान्य नागरिकाच्या मनातील दिल्ली जवळ आली आहे काय, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो.

दरवर्षी महाराष्ट्रातून विद्यार्थ्यांचे कितीतरी गट दिल्लीला जातात. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट पाहून होते, चांदणी चौकात थोडी खरेदी होते, छायाचित्रे निघतात आणि गट परत फिरतो. त्यात वावगे काहीच नाही. तरुण वयात देश पाहिलाच पाहिजे. परंतु राजधानी हे इतर प्रेक्षणीय शहरांसारखे शहर नाही. तेथे होणारे निर्णय भाईंदरच्या फलाटावर, उत्तनच्या किनाऱ्यावर आणि मिठागरांच्या बांधावर येऊन पोहोचतात. जेथून आपल्या दैनंदिन जीवनाची सूत्रे हलतात, ते ठिकाण केवळ पाहुणा म्हणून पाहून परतणे पुरेसे नाही. विद्यार्थ्याने तेथे भागीदाराच्या नात्याने जावे, आणि भागीदार रिकाम्या हाताने जात नाही. तो प्रश्न घेऊन जातो आणि परतल्यावर हिशेब देतो.

या भूमीचा आणि दिल्लीचा संबंध जुना आहे. मार्च 1737 च्या अखेरीस बाजीराव पेशवे वेगवान दौड करून दिल्लीच्या वेशीवर धडकले. नेमक्या त्याच दिवसांत इकडे कोकणात चिमाजीअप्पांच्या फौजांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम उघडून ठाणे आणि साष्टी बेटात प्रवेश केला. आजचे मिरा-भाईंदर याच साष्टीच्या उत्तर टोकाला वसले आहे. पुढे 1739 मध्ये भाईंदरजवळचा धारावीचा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईवर मराठ्यांचे निशाण लागले. एक भाऊ यमुनेकाठी, दुसरा भाऊ पश्चिम समुद्राकाठी, असा हा एकाच काळाचा देखावा आहे. त्यातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिल्लीच्या स्वारीचा सविस्तर वृत्तांत बाजीरावांनी पत्राने चिमाजीअप्पांना कळविला. राजधानी हाताशी असताना ती उद्ध्वस्त का केली नाही, त्यामागचा राजकीय विचार कोणता होता, हेही त्यांनी त्या पत्रात सांगितले. स्वतः पराक्रमी असलेल्या पुरुषालासुद्धा आपण दिल्लीत काय केले आणि का केले, हे घरच्या आघाडीला कळविणे आवश्यक वाटले. दिल्लीला गेलेल्याने मागे राहिलेल्यांना वृत्तांत द्यायचा असतो, हा धडा त्या पत्रात आहे.

आता प्रश्नाकडे वळू. दिल्लीला नेण्याचा प्रश्न कोणता आणि न नेण्याचा कोणता, हे ठरविता येणे हीच लोकशाहीच्या शिक्षणाची पहिली पायरी होय. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत. विद्यार्थ्याने प्रवासाला निघण्यापूर्वी त्या याद्या हातात घेऊन आपल्याच शहरातून एक फेरफटका मारावा. भाईंदर स्थानकावरील गर्दी हा रेल्वेचा, म्हणजे संघसूचीतील विषय आहे. मिठाच्या उत्पादनाचे नियमनही संघसूचीत येते, म्हणून मिठागरांची चर्चा दिल्लीपर्यंत जाते. दीपगृहेही संघसूचीतच आहेत. उत्तनच्या मच्छीमाराची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. किनाऱ्यालगत तो जाळे टाकतो तेव्हा तो राज्याच्या विषयात असतो आणि 12 सागरी मैलांची प्रादेशिक जलधीची मर्यादा ओलांडली की तो संघाच्या विषयात शिरतो. एकाच होडीचा प्रवास दोन सूचींमधून होतो.

याउलट पोलीस व्यवस्था हा राज्याचा विषय आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून कार्यरत झालेले मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय राज्य शासनाच्या निर्णयातून उभे राहिले. घनकचऱ्याचा प्रश्न 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे तो नगरपालिकांच्या कामांपैकी एक. मिरा-भाईंदरला 2002 मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. तेव्हा कचऱ्याचे गाऱ्हाणे घेऊन दिल्लीला जाणे म्हणजे शेजारच्या घराचा दरवाजा सोडून परगावी जाण्यासारखे आहे. दिल्लीवर नाराज होणारे पुष्कळ असतात. पण त्यांच्यापैकी कितीजणांची नाराजी योग्य पत्त्यावर पोहोचते? चुकीच्या दारावर केलेली थाप व्यर्थ जाते आणि थाप मारणारा मात्र व्यवस्था बहिरी आहे असे म्हणू लागतो. तरुण मनात निराशा शिरते ती अनेकदा याच वाटेने.

योग्य प्रश्न हाती असला म्हणजे संसद वेगळी दिसू लागते. लोकसभेचे कामकाज सामान्यतः सकाळी 11 वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होते. एका दिवसासाठी 20 तारांकित प्रश्न निवडले जातात. त्यांची उत्तरे मंत्री तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नांची संख्या दिवसाला 230 पर्यंत असते आणि त्यांची उत्तरे लेखी मिळतात. ही सर्व उत्तरे सार्वजनिक असतात. दिल्लीला निघण्यापूर्वी एखाद्या गटाने आपल्या विभागाविषयी संसदेत विचारले गेलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे वाचली, तर प्रेक्षकदीर्घेतून दिसणारे सभागृह त्याला अनोळखी वाटणार नाही. वृत्तवाहिन्यांवर गोंधळ तेवढा दिसतो. लेखी उत्तरांतील आकडेवारी आणि आश्वासने दिसत नाहीत, आणि राज्यकारभाराचा मोठा भाग तेथेच असतो. विभागांशी संलग्न अशा 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येक समितीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असतात. तेथे पक्षभेद काहीसे बाजूला ठेवून अनुदानाच्या मागण्या आणि विधेयके तपासली जातात. त्यांचे अहवाल वाचणारा विद्यार्थी संसदेविषयी सहसा थट्टेच्या सुरात बोलत नाही.

प्रेक्षकदीर्घेत बसणे ही मोठ्या विश्वासाची गोष्ट आहे. 13 डिसेंबर 2001 रोजी दहशतवाद्यांनी संसदेवर हल्ला केला आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांनी प्राणांची आहुती देऊन तो परतवला. बरोबर 22 वर्षांनी, 13 डिसेंबर 2023 रोजी, प्रेक्षकदीर्घेतून दोघांनी सभागृहात उड्या मारल्या. पहिला घाव शत्रूचा होता. दुसरा प्रवेशिका घेऊन आत आलेल्या नागरिकांचा होता, म्हणून तो अधिक विचार करायला लावतो. दीर्घेत शांत बसणारा, भ्रमणध्वनी बाहेर ठेवून एक तास केवळ ऐकणारा विद्यार्थी लोकशाहीची शिस्त पाळत असतो. नागरिकांसाठी संसदेचे दार उघडे राहावे असे वाटत असेल, तर ही शिस्त पाळावीच लागेल.

नवे संसद भवन 28 मे 2023 रोजी राष्ट्राला समर्पित झाले. 1927 मध्ये उघडलेली जुनी वर्तुळाकार वास्तू आता संविधान सदन या नावाने ओळखली जाते. याच वास्तूत 9 डिसेंबर 1946 रोजी संविधान सभेची पहिली बैठक भरली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर या मराठी भाषक धुरीणांच्या कर्तृत्वाची ही भूमी आहे. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीला नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रांनी सजविले. त्यात निवडणुकांविषयीच्या पंधराव्या भागावर छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह यांची चित्रे आहेत. मतदानाचा अधिकार सांगणाऱ्या पानावर या दोन महापुरुषांना स्थान मिळावे, यातील औचित्य विद्यार्थ्याने स्वतः शोधावे.

इंडिया गेटजवळचे राष्ट्रीय युद्धस्मारक 25 फेब्रुवारी 2019 रोजी राष्ट्रार्पण झाले. त्यागचक्राच्या भिंतींवर 25 हजारांहून अधिक वीरांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत. तेथे छायाचित्र काढण्यास हरकत नाही, पण त्याआधी एका भिंतीपुढे उभे राहून दहा नावे सावकाश वाचावीत. नावावरून प्रांत, भाषा, पंथ यांचा अंदाज येऊ लागतो आणि थोड्याच वेळात तो अंदाज निरर्थक वाटू लागतो. राष्ट्र या शब्दाचा अर्थ त्या भिंतीपुढे व्याख्येवाचून कळतो.

हे सर्व पाहून परतल्यावर काय? येथे रामभाऊ म्हाळगी यांचे स्मरण अपरिहार्य आहे. 1957 मध्ये ते मावळमधून विधानसभेवर निवडून आले. आणीबाणीत त्यांनी कारावास सोसला. 1977 आणि 1980 मध्ये ठाणे मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. आज मिरा-भाईंदर ज्या लोकसभा मतदारसंघात आहे, तो हाच ठाणे मतदारसंघ. म्हाळगींचा एक नेम होता. लोकप्रतिनिधी म्हणून वर्षभरात काय केले, याचा अहवाल ते दरवर्षी मतदारांपुढे ठेवीत. त्यांना तसे करण्यास कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. ज्यांनी पाठविले त्यांना हिशेब देणे हा धर्म आहे, एवढीच त्यामागची भावना. 1982 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी उभी राहिली. उत्तनच्या केशवसृष्टीत तिचे केंद्र आहे. लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्ते यांचे प्रशिक्षण तेथे चालते आणि 2017 पासून तिच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ डेमोक्रॅटिक लीडरशिप या संस्थेत नेतृत्व, राजकारण व शासन यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू आहे. अभ्यासदौरे हा अशा शिक्षणाचा गाभा असतो. पण असा दौरा पदव्युत्तर विद्यार्थ्यांचीच मक्तेदारी असण्याचे कारण नाही. महाविद्यालयाचा किंवा शाळेच्या वरच्या वर्गाचा गटसुद्धा तो याच पद्धतीने करू शकतो.

पद्धत साधी आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एक प्रश्न निवडावा, तो कोणत्या सूचीत बसतो हे शोधावे, आणि संघसूचीत बसत असेल तर त्यावर संसदेत आजवर काय उत्तर मिळाले ते टिपून घ्यावे. दिल्लीत आपल्या खासदारांची भेट झाली तर सत्कारात वेळ न घालवता तो प्रश्न दोन मिनिटांत नेमकेपणाने मांडावा. परतल्यावर आठ दिवसांच्या आत आपल्या सोसायटीच्या सभेत, कोळीवाड्यात, शाळेत किंवा वाचनालयात दहा माणसांसमोर उभे राहून सांगावे : काय पाहिले, काय विचारले, काय उत्तर मिळाले आणि काय मिळाले नाही. मिळाले नाही हेही सांगावे, कारण पुढच्या वर्षी जाणाऱ्या गटाची सुरुवात तेथून होईल.

बोरिवलीहून गाडी सुटेल तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत शिदोरी असेल, थंडीचे कपडे असतील. त्यांच्या जोडीला घडी घातलेला एक कागदही असावा. त्यावर एका बाजूला प्रश्न लिहिलेला असावा. दुसरी बाजू कोरी ठेवावी. ती परतीच्या प्रवासात भरायची आहे.